टोरिक लेन्स: एकेक डोळा ६/६, तरी डोकं का दुखतं?

सिलेंडरच्या नंबरासाठी (वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा असलेला नंबर) टोरिक, म्हणजे ठरावीक दिशेत बसावी लागणारी कॉन्टॅक्ट लेन्स दिली की तपासणी बहुधा एकेका डोळ्याने तक्ता वाचून घेण्यावर थांबते; ६/६ म्हणजे सामान्य नजर. दोन्ही डोळे उघडल्यावर काय होतं, ते कोणी विचारत नाही.

लेन्स डोळ्यात फिरू नये म्हणून बऱ्याचदा तिचा खालचा भाग जाड ठेवतात. काही डिझाइनमध्ये ही जाडी बाहुलीसमोरच्या भागापर्यंत येते आणि तिथे प्रिझम, म्हणजे प्रकाश एका बाजूला वळवणारी पाचर, तयार होतो. दोन्ही डोळ्यांत तीच लेन्स असेल तर बिघडत नाही, दोन्ही प्रतिमा सारख्याच वर सरकतात. खरी अडचण एका डोळ्यात टोरिक आणि दुसऱ्यात साधी लेन्स असते तेव्हा. प्रिझम डायॉप्टर हे प्रिझमचं माप; १ प्रिझम डायॉप्टर म्हणजे प्रतिमा १ मीटरवर १ सेंमी, ६ मीटरवर ६ सेंमी सरकते. आडवा फरक डोळे बऱ्यापैकी सांभाळून घेतात, उभा फारच थोडा. मग डोकं जड होतं, वाचताना ओळ सुटते, कधी एकाचे दोन दिसतात.

घरी अंदाज घ्यायचा तर समोरच्या दाराची वरची चौकट बघत एकेक डोळा आळीपाळीने झाका. चौकट वरखाली उडी मारत असेल तर दुकानात तसं स्पष्ट सांगा. मधल्या भागात प्रिझम नसलेल्या डिझाइनच्या टोरिक लेन्स मिळतात; आधी तीच मागावी.

दुसरं कारण लेन्स फिरण्याचं. १० अंश फिरली की सिलेंडरचा साधारण ३५ टक्के भाग दुरुस्त न होता उरतो, ३० अंशांवर जवळपास सगळाच. एकाच डोळ्यातली फिरली तर एक प्रतिमा स्वच्छ, दुसरी पुसट, आणि अंतराचा अंदाज चुकतो. म्हणून ट्रायल (चाचणीची) लेन्स घालून १५ मिनिटं बसावं, मगच स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायचं सूक्ष्मदर्शक) लेन्सवरची खूण बघावी. खालची खूण तपासणाऱ्याच्या डावीकडे सरकली असेल तर तेवढे अंश अक्षात (सिलेंडरची दिशा सांगणारा अंशांतला आकडा) मिळवायचे, उजवीकडे असेल तर वजा. अक्ष १७० आणि खूण १० अंश डावीकडे, तर मागवायची १८०ची. दर वेळी वेगळ्याच जागी थांबत असेल तर हा हिशेब व्यर्थ. डिझाइन किंवा माप बदला.

साताऱ्याहून कासकडे दुचाकीवर जाताना वाऱ्याने लेन्स कोरडी पडते, नजर मधूनच पुसट होते. काच खाली घेतलेलं हेल्मेट घाला. चष्म्यातून लेन्सवर आल्यावर जमीन तिरकी वाटते, विशेषतः अक्ष ४५ किंवा १३५च्या आसपास असेल तर. मेंदूला चष्म्यातल्या तिरकेपणाची सवय झालेली असते. ती सवय मोडेपर्यंत याच वाटेवरचा यवतेश्वरचा घाट दुसऱ्या कुणाला चालवू द्या.