खाते, पण अंगाला लागत नाही

पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत एका अंगणवाडीत मी आहारतज्ज्ञ म्हणून जाते. वजनं, उंची, दंडाचा घेर, आयांशी बोलणं, असं ते काम. त्या दिवशी एक आजी नातीला कडेवर घेऊन आल्या. हातात गच्च भरलेली कॅरीबॅग, मागे सून. मुलगी चौदा महिन्यांची. तिचं नाव इथे लिहीत नाही, आजी तिला ‘चिमे’ म्हणत होत्या. वजन ६ किलो ९०० ग्रॅम, लांबी ७२ सेंटिमीटर, दंडाची पट्टी १२ वर, म्हणजे पिवळ्या भागात. ११.५ सेंटिमीटरच्या खाली घेर गेला की बाळ सॅममध्ये मोडतं, तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ च्या मधलं बाळ मॅममध्ये, म्हणजे मध्यम. चिमी मॅममध्ये होती. पायांवर सूज नव्हती, ताप नव्हता, भूक होती.

“खाती की ओ मॅडम, पण अंगाला लागंना,” आजी म्हणाल्या.

असं कुणी सांगितलं की पुष्कळदा समोरच्याला वाटतं, आई नीट भरवत नसणार. मला हा संशय सहन होत नाही. अंगणवाडी ताईंनी वही काढून दाखवली. घरी न्यायचा आहार नेमाने दिला की चिमीचं वजन चढायचं, मग जुलाब लागायचे आणि चढलेलं सगळं उतरायचं. असं दोनदा झालं होतं. भरवण्यात कसूर नव्हती.

मग आजींनी कॅरीबॅग सतरंजीवर रिकामी केली. “काय काय पाजलं ते बघा.” पाणी घालून हलवायच्या अँटिबायोटिकच्या बाटल्या, कुठली निम्मी, कुठली तळाशी घट्ट झालेली. जुलाब थांबवायचं औषध. चिठ्ठी बहुतेक कशाचीच नाही. संडास पातळ झाली की बाप मेडिकलमध्ये जायचा, मागच्या वेळची रिकामी बाटली दाखवायचा आणि तसलीच नवी आणायचा. मार्केट यार्डात हमाली करणारा माणूस, एका दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्याच्या रांगेत कसा बसणार? त्या बाटल्यांमागे हयगय नव्हती, काळजीच होती. पण एवढ्याशा पोटावर किती मारा झाला, ते सगळं एकत्र मांडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

लहान मुलांचे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात. तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. क्षारसंजीवनी (ओआरएस), १४ दिवस झिंक आणि खाणं चालू ठेवणं, एवढंच लागतं. शौचातून रक्त पडत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरच हवेत. मात्र गरज नसताना दिलेलं अँटिबायोटिक आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंनाही झोडपतं, आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत हे जिवाणूच तर आतड्यात वस्ती करत असतात. आधी दुधावर जगणारे येतात. उष्टावण झालं, वरणभात सुरू झाला की डाळी-भाज्यांचे तंतू पचवणारे येतात. म्हणजे बाळासारखंच या वस्तीलाही वय असतं.

अमेरिकेतल्या सेंट लुइसचे जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या आरोग्य-संशोधन संस्थेचे तहमीद अहमद या संशोधकांच्या गटांनी बांगलादेशातल्या मुलांमध्ये हे वय मोजलं. २०१४ साली त्यांनी दाखवून दिलं की तीव्र कुपोषित मुलांच्या आतड्यातली वस्ती मुलांच्या वयापेक्षा लहान राहते. उपचाराचा आहार दिला की ती थोडी पुढे सरकते, आहार थांबला की पुन्हा मागे पडते. ताईंच्या वहीतली ती चढउतार पाहताना मला तेच आठवत होतं.

पुढे याच गटांनी मुद्दाम या जिवाणूंसाठी आहार बेतला: हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे, हिरवं केळं, शिवाय साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजं. ढाक्यातल्या मीरपूरच्या वस्तीत १२ ते १८ महिन्यांच्या १२३ मॅम मुलांवर त्याची चाचणी झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. तीन महिने निम्म्या मुलांना हा आहार दिला, निम्म्यांना नेहमीचा तयार पूरक आहार. नेहमीच्या आहारात उष्मांक जास्त होते, तरी लांबीच्या मानाने वजन जास्त वेगाने वाढलं ते हरभरा-केळ्याच्या गटात. जास्त उष्मांक म्हणजे जास्त वजन हे शिकत आलेल्या माझ्यासारखीला तो निकाल पुन्हा पुन्हा वाचावा लागला.

आणि जिन्नस बघा! यातलं काय आपल्या घरात नसतं?

आजींचं घर दोन गल्ल्या वर, तिथे गेलो. सून खालच्या भाजीवालीकडून हिरवी केळी घेऊन आली. सोयाबीनचं भाजून दळलेलं पीठ माझ्या पिशवीत असतं (सोयाबीन कच्चं कधीच वापरायचं नाही, ते पचनात अडथळा आणतं). डाळव्याचं पीठ, शेंगदाणे, गूळ, तेल घरात होतं. आजींनी आधीच बजावलं, “केळ्यानं कफ हुतोय, हरभरा वातूळ, अन् शेंगदाण्यानं पित्त. ह्या एवढ्याशा जिवाला?”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, “आजी, तुमच्या गावाकडं पोट बिघडल्यावर काय द्यायचे?” त्या थोडं थांबून म्हणाल्या, “कच्च्या केळाची भाजी. बिनतिखटाची.” मग त्यांनीच केळी उकडायला टाकली. उकडलेल्या हिरव्या केळ्यामुळे लहान मुलांचे रेंगाळलेले जुलाब आटोक्यात येतात, हे ढाक्यातल्याच एका अभ्यासात दिसलं, तो २००१ मध्ये छापून आला. त्यातला काही स्टार्च लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यांतल्या ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. आजींना मी एवढंच सांगितलं की केळं बाळालाही आणि बाळाच्या पोटातल्या जिवाणूंनाही लागतं.

केळं कुस्करलं, दोन्ही पिठं मिसळली, शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक करून घातलं. अख्खा दाणा या वयात घशात अडकतो, आणि बुरशीचा वास येणारा दाणा तर घरातच ठेवू नये. गूळ, चमचाभर तेल, कोमट पाणी. आधी बोटाच्या टोकाएवढं चाटवून वाट पाहिली, अंगावर काही उठतंय का ते बघितलं. मग चिमीने वाटी स्वतःकडे ओढली.

सुनेला मी स्पष्ट सांगितलं की ढाक्याच्या पाकिटातलं हे तंतोतंत नाही. त्यात मोजून घातलेली जीवनसत्त्वं-खनिजं इथे नाहीत. म्हणून आरोग्य केंद्रातलं लोहाचं औषध चालूच ठेवायचं, अंगणवाडीचा आहार बंद करायचा नाही, अंगावरचं दूध तोडायचं नाही. दिवसातून दोनदा ही वाटी, चहा-बिस्किटाच्या जागी. आणि जुलाब झाले तर बाटली आणायची नाही, आधी ताईंकडे यायचं.

दारात बायका जमल्या होत्याच. कालवणासारखी कृती एकीकडून दुसरीकडे जात होती. त्यातल्या एकीच्या कडेवर मुलगा होता, गाल चांगले भरलेले. तिला घरी जाऊन लगेच हेच करायचं होतं. मला ते गाल खटकले. त्याच्या पावलावर अंगठा दाबून धरला, उचलला. खड्डा तसाच राहिला. दुसऱ्या पावलावरही तसाच.

दोन्ही पायांवर सूज असलेलं बाळ सॅमच, पट्टी काहीही सांगो. अशा बाळाला घरात केळं-हरभरा भरवत बसणं धोक्याचं. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करून सुरुवातीला एफ-७५ हे खास दूध थोडं थोडं, रात्रंदिवस द्यावं लागतं. आणि तिथे अँटिबायोटिकही लागतं, कारण अशा बाळात जंतुसंसर्ग लक्षणांविना दडलेला असू शकतो. तासाभरापूर्वी बाटल्यांविरुद्ध मी एवढं बोलले होते. त्यामुळे आता हा फरक त्या आईला नीट उलगडून सांगणं भाग होतं, नाहीतर भरतीतलं औषध ती नाकारेल अशी धास्ती वाटली.

ती घाबरली होती. नवरा कामावर, मोठी मुलगी शाळेत. ताईंनी मुलीला आपल्याकडे बसवून घ्यायचं कबूल केलं, मी चिठ्ठी लिहिली, चिमीची आजी रिक्षा बघायला उतरून गेल्या. निघताना त्या आईने विचारलं, “मग ते केळाचं याला कधी द्यायचं?”

“सूज उतरू दे, घरी सोडू देत. मग तुमच्या घरी येऊन करून दाखवते,” मी म्हणाले आणि ताईंच्या वहीत तिच्या घराची खूण लिहून घेतली.