पोर्तुगीज गेले, मग कार्निव्हल कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

गोव्याबाहेरचे नातेवाईक पणजीला आले की हा प्रश्न ठरलेला. सोबत एक शेरा असतो, ‘नुसता धांगडधिंगा.’

तुम्ही जी चित्ररथांची मिरवणूक बघता, ती पोर्तुगीज राजवटीतली नव्हेच. मुक्तीनंतर, १९६५ साली, तिमोतेओ फर्नांडिस यांच्या पुढाकाराने ती पणजीत निघाली आणि पहिला मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजाही, तेच झाले. राजवटीतला होता तो इंत्रूज. ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस सुरू होण्याआधी एकमेकांवर पीठ, रंग, पाणी उडवायचं. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत अंगणाअंगणात खेळ, म्हणजे छोटी लोकनाट्यं, व्हायचे, त्यात भाटकाराचीही, म्हणजे जमीनदाराचीही, टर उडायची. तिथल्याच चांदर गावात कार्निव्हलच्या सोमवारी आजही मुसळं आपटत नाचतात. हे सगळं परक्यांचं म्हणायचं तर आमचं काय उरतं?

आणि धांगडधिंगा म्हणाल, तर तोही मी जवळून पाहिलाय. कॉलेजात असताना गावच्या रथावर होते. विषय रांपणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने केलेल्या मासेमारीचा. खरं जाळं, त्यात थर्माकोलचे बांगडे, आम्ही मुली कुणबी साडी नेसून दोर ओढतोय. मांडवीकाठच्या रस्त्यावर रथ अडकला. दोघे पर्यटक पुढे आले, एकाने माझा पदर धरला आणि हिंदीत विचारलं, ‘कितना लेगी?’ भोवतीचे लोक हसले. माझ्या हातात दोर तसाच. शेजारच्या मावशीने त्याच्या मनगटावर फटका मारला, तेव्हा पदर सुटला. रथ हलला, बँड पुन्हा वाजू लागला आणि मला उरलेला सगळा रस्ता नाचत जावं लागलं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, ‘तू चढलीसच कशाला?’

तो पर्यटक मी विसरूही शकेन. बाबांचा प्रश्न नाही. तुमच्या ‘कशाला’तही मला तोच ऐकू येतो, म्हणून मी चिडते.

त्यानंतर कित्येक वर्षं मी मिरवणूक बंद करा म्हणत होते. वर्तमानपत्राला पत्रही लिहिलं होतं. ते लिहिणाऱ्या मुलीला मी आज चूक म्हणणार नाही. मिरवणुकीतल्या अश्लीलतेवर चर्चनेही नाराजी व्यक्त केलेली आहे, आणि प्रायोजकांच्या जाहिरातींचे रथ बघितले की मलाही ते पत्र पुन्हा धाडावंसं वाटतं. पण मिरवणूक बंद झाली तर घरी बसणार आम्ही. पदर धरणारा दुसरीकडे जाईल. हे मी त्या पत्र लिहिणाऱ्या मुलीला सांगते, तर ती म्हणते, मग रोज कुणाकुणाच्या मनगटावर फटके मारत फिरायचं? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

भाचीला यंदा रथावर चढायचंय. आम्ही अजून भांडतोच आहोत.