छोटा हत्ती घेऊ का पिकअप?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर आपणहून मी कुणाला गाडी सुचवत नाही. आमचा नारायणगावचा पट्टा टोमॅटोचा. हंगामाच्या तोंडावर कोणीतरी चहाला येतं आणि दुसऱ्या घोटाला विचारतं, "दादा, छोटा हत्ती घेऊ का पिकअप?" मी उलट विचारतो, "गेल्या महिन्यात किती फेऱ्या भरून गेल्या?" बहुतेक जण छताकडे बघायला लागतात.

छोटा हत्ती म्हणजे टाटा एस. २००५ साली आली तेव्हा दोन सिलिंडरचं, जेमतेम ७०० सीसीचं इंजिन बघून जुने ड्रायव्हर हसले होते. पुढे तिच्या वर्गातल्या सगळ्याच गाड्यांना लोक छोटा हत्ती म्हणायला लागले. पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर असलेलं मालाचं वजन, साधारण पाऊण टन. आणि पिकअप म्हटलं की आमच्याकडे बोलेरोच. तिचं एक मोठं मॉडेल १७०० किलोचं. मधे सव्वा टनाच्या आसपास दोस्त, इंट्रा या गाड्या आहेत, त्याही वाईट नाहीत.

आता क्रेटचा हिशोब. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं, रिकाम्या क्रेटचं वजन दीड-दोन किलो वेगळं. म्हणजे छोट्या गाडीत ३४ क्रेट, मोठ्या पिकअपमध्ये ७७. गंमत अशी की ३४ क्रेट तीन-चार थरांतच बसतात. वर हौदा मोकळा दिसतो, आणि मोकळा दिसला की हात थांबत नाही. माझाही थांबला नव्हता. पहिल्या छोट्या गाडीत एका पावसाळ्यात ५५ क्रेट चढवले आणि वाशीला निघालो. आळेफाट्याच्या पुढे, रात्री दोनला, मागून कडाडकन आवाज. पाट्याचं, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, मुख्य पान गेलेलं. गाडी एका अंगावर कललेली, वरून पाऊस. मोबाइलच्या उजेडात दुसऱ्याच्या टेम्पोत माल चढवला. गाळ्यावर पोचलो तोवर भाव उतरला होता, आणि खालचे दोन थर चेपलेले. दोष गाडीचा नव्हता, माझ्या लोभाचा होता.

पण हीच छोटी गाडी कोथिंबीर, पाव, थर्माकोल, लग्नातल्या खुर्च्या असलं काही भरा, राणी आहे. तिथे वजनाआधी जागा संपते. पुण्यातल्या पेठांत पिकअप दोनदा मागेपुढे करते तिथे ही एका दमात वळते. उलट, शेतातून थेट माल उचलायचा असेल तर तिची १२ इंची चाकं आठवा. जुलैत बांधाकडेच्या वाटेवर ती रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला भाऊबंद असला तरी डिझेल मागतोच. माळशेज उतरताना भरलेल्या पिकअपमध्ये मी दुसऱ्या गिअरवर निवांत असतो. छोटीत ब्रेकचा वास यायला लागला की थांबून चाकं गार होऊ देतो.

कागदांचं एक कोणी सांगत नाही. गाडी आणि माल धरून एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर माल वाहतुकीचा परवाना लागत नाही. १७०० वाली पिकअप ती रेघ ओलांडते. फिटनेसची तपासणी मात्र दोघींनाही आहे: पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी, मग दरवर्षी. पिवळी नंबर पाटीही दोघींना.

हप्त्याचं मी फार बोलत नाही, तो ज्याचा त्यानं बघावा. परतीचं भाडं मात्र विचारतो. जाताना भरलेली पिकअप येताना रिकामी आली तर टोल, डिझेल, ड्रायव्हरचं जेवण सगळं जातानाच्या क्रेटवर बसतं. वाशीहून किराणा, खतं, काहीतरी आणायची ओळख आहे का? नसेल तर मोठा हौदा म्हणजे नुसती हवा वाहायची.

परवा ओतूरकडचा एक पोरगा चक्क वही घेऊनच आला. दोन महिन्यांत ४१ फेऱ्या, त्यातल्या पिकअप भरेल अशा फक्त ६. म्हटलं, छोटी घे, आणि त्या सहा वेळी माझी पिकअप भाड्यानं ने. तो हसला, लगेच दर विचारला. सांगितला. "ओळखीत काही कमी नाही का, दादा?"

नाही म्हटलं. माझाही हप्ता चालू आहे.