डेडफ्लेच्या सावलीसाठी दोन सकाळी

नामिबियातील नामिब वाळवंटातले डेडफ्ले हे पांढऱ्या चिकणमातीचे कोरडे तळे आहे. त्साउचाब नदीच्या पुराचे पाणी एके काळी येथपर्यंत पोहोचत असे आणि त्या ओलाव्यावर बाभळीच्या कुळातील कॅमल थॉर्न ही झाडे वाढली होती. पुढे हवामान कोरडे होत गेले, वाळूच्या टेकड्यांनी पाण्याची वाट अडवली आणि झाडे वाळून गेली. त्याला सुमारे ६०० ते ७०० वर्षे लोटली, तरी कोरड्या हवेमुळे खोडे कुजली नाहीत. उन्हाने काळी पडून ती जागच्या जागी उभी आहेत. सकाळी मागची नारिंगी टेकडी उजळलेली असते आणि तळे मात्र अजून सावलीत असते, तेव्हा काही मिनिटे ही खोडे शाईने रेखाटल्यासारखी दिसतात. मला तेच छायाचित्र हवे होते आणि त्यासाठी दोन सकाळी खर्ची पडल्या.

पहिली सकाळ वेळेच्या हिशेबात गेली. आम्ही, म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ, ऑगस्टमध्ये गेलो होतो. तो तेथील हिवाळा असतो. नामिब-नाउक्लुफ्त राष्ट्रीय उद्यानाचे सेसरिएम येथील फाटक सूर्योदयाला उघडते, आणि आमचा मुक्काम फाटकाबाहेर होता. तेथून सुमारे ६० किलोमीटर डांबरी रस्ता, मग फक्त फोर बाय फोर गाडीने जाता येणारी सुमारे पाच किलोमीटरची खोल वाळू, आणि शेवटी किलोमीटरभर पायपीट. वाळू सुरू होण्याआधी टायरमधील हवा कमी करावी लागली, त्यातही वेळ गेला. आम्ही तळ्यावर पोहोचलो तेव्हा सावली पूर्ण सरकून गेली होती आणि पांढरी जमीन डोळे दिपवत होती. उद्यानाच्या आतील मुक्कामाच्या जागी राहणाऱ्यांना आतले फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी खुले होते, ही माहिती मला होती. तिचे महत्त्व मात्र मी ओळखले नव्हते. त्या दुपारीच आम्ही आतील कॅम्पमध्ये जागा मिळवली.

दुसरी चूक मला संध्याकाळी लॅपटॉपवर दिसली. परतताना, सेसरिएमपासून ४५ किलोमीटरवर असल्यामुळेच ड्यून ४५ म्हटल्या जाणाऱ्या टेकडीचे मी बरेच फोटो काढले होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते उत्तम दिसत होते आणि हिस्टोग्रामही (फोटोतील उजेड-अंधाराचे प्रमाण दाखवणारा आलेख) उजव्या कडेला, म्हणजे अतिउजेडाच्या टोकाला, टेकलेला नव्हता. तरीही मोठे करून पाहिल्यावर उजेडाच्या बाजूची वाळू सपाट, रंग फासल्यासारखी दिसत होती. वाऱ्याने उमटवलेल्या बारीक लाटा तेथे नव्हत्याच. या वाळूचा रंग कणांवरील लोहाच्या ऑक्साइडमुळे आलेला असतो आणि सकाळच्या प्रकाशात त्यातील लाल घटक इतका प्रबळ होतो की हिरवा आणि निळा चॅनेल (फोटोतील त्या त्या रंगाची वेगळी नोंद) मर्यादेत असताना लाल चॅनेल आधीच भरून वाहतो. एकत्रित हिस्टोग्राममध्ये हे झाकले जाते. वाळवंटात जाणाऱ्या प्रत्येकाने लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आलेख वेगवेगळे दाखवणारा पर्याय आधीच सुरू करून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या दृष्टीने महागड्या लेन्सपेक्षाही याचा उपयोग अधिक आहे.

दुसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. तळ्यावर पोहोचलो तेव्हा बोटे गारठलेली होती आणि आमच्याखेरीज तेथे चार-पाच माणसेच होती. मी रुंद कोनाची लेन्स पिशवीतच ठेवली. तिच्यामुळे आकाश आणि जमीन भरपूर येते, पण मागची टेकडी दूर ढकलली जाऊन लहान होते; मला तर ती झाडांच्या पाठीशी भिंतीसारखी हवी होती. म्हणून दूरचे जवळ आणणारी ७०-२०० लेन्स लावून मी बरीच मागे गेले आणि एका खोडाची फांदी दुसऱ्याच्या फांदीत अडकणार नाही, अशी जागा शोधत राहिले. त्यात पंधरा-वीस मिनिटे गेली. ट्रायपॉड रोवला, अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र) एफ १३ ठेवले आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते, टेकडीच्या उजळ भागावरून, लाल आलेख पाहत ठरवले. कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारा मीटर सुचवत होता त्यापेक्षा ते जवळपास एका स्टॉपने कमी, म्हणजे साधारण निम्मे होते. टेकडीच्या माथ्यावर ऊन आले आणि हळूहळू खाली उतरू लागले. ते टेकडीच्या पायथ्याशी पोहोचल्यापासून तळ्याच्या कडेला स्पर्श करेपर्यंत मी एकाच चौकटीचे तीसेक फोटो काढले.

एकदा ऊन खोडांवर पडले की खोडे तपकिरी दिसू लागतात, त्यांच्या सावल्या जमिनीवर पसरतात आणि ते वेगळेच चित्र होते. पुढे वाराही वाढला. वाळूत लेन्स बदलायची नाही, हा नियम मी अखेरपर्यंत पाळला, आणि काचेवरचे कण आधी ब्लोअरने उडवूनच कापड लावले, कारण क्वार्ट्झचा कण कापडाखाली सापडला तर तो काचेवरील लेपाला ओरखडा पाडतो.

रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जतन केलेली मूळ नोंद) काम करताना सावलीतील तळे निळसर दिसत होते. सुरुवातीला मी व्हाइट बॅलन्स (फोटोतील रंगांचा समतोल) बदलून ते पांढरे केले, पण त्याबरोबर टेकडीचा रंग भडक पिवळा झाला. शेवटी ती निळसर छटा मी तशीच राहू दिली; त्या सकाळी, ऊन खाली उतरण्याची वाट पाहत उभी असताना, ती जमीन मला तशीच दिसली होती.