परदेशी रेल्वेचं टेंडर भरताना: एलओसी, ७५ टक्के आणि उशीर

भारतीय कंपनीने बांगलादेशात किंवा श्रीलंकेत रूळ टाकले की ‘भारत सरकारच्या मदतीने’ हे शब्द बातमीत हमखास येतात. ही मदत ठेकेदाराच्या खात्यात अनुदान म्हणून येत नाही. केंद्राच्या ‘आयडियाज’ योजनेत कर्ज घेतं परदेशी सरकार आणि देते मुंबईची एक्झिम (निर्यात-आयात) बँक. हे कर्ज म्हणजेच एलओसी, लाइन ऑफ क्रेडिट. बँक बाजारातून पैसा उभा करते. त्याची किंमत आणि कर्जदार देशाला लावलेला सवलतीचा दर यांतला फरक केंद्र सरकार भरून देतं. ठेकेदाराचा फायदा एवढाच, की बोली फक्त भारतीय कंपन्यांत लागते. चिनी कंपनी समोर नसते, हे थोडं नव्हे.

पूर्वपात्रतेच्या सूचना एक्झिमच्या संकेतस्थळावर येतात. टेंडर मात्र कर्जदार देशाचं रेल्वे खातं काढतं. काम मिळाल्यावर तो करार एक्झिमकडे जाऊन एलओसीखाली मंजूर व्हावा लागतो. त्याआधी यंत्रं हलवली तर तो खर्च स्वतःच्या जोखमीवर. पुढे चालू बिलं ग्राहकाच्या इंजिनिअरकडून प्रमाणित झाली की पैसे भारतातच मिळतात. एजंटचं कमिशन एलओसीतून देता येत नाही, हे दर भरतानाच लक्षात ठेवा.

खरी गोम ७५ टक्क्यांत आहे. कराराच्या किमतीपैकी किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून गेल्या पाहिजेत. रूळ, पुलाचे स्टील गर्डर, सिग्नलिंग, डिझाइन यांत हे सहज जमतं. पण मातीभराव जास्त असलेल्या लाइनवर माती, खडी, वाळू, डिझेल आणि स्थानिक मजुरी हेच २५ टक्क्यांच्या पुढे जातं. जहाजातून खडी नेणं तर वेडेपणाच. बांधकामाच्या कामांना १० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, पण ती आपोआप लागू होत नाही, मागावी लागते. म्हणून बीओक्यूच्या (टेंडरमधल्या कामं-परिमाणांच्या यादीच्या) प्रत्येक ओळीसमोर ‘भारतातून’ आणि ‘तिथून’ असे दोन रकाने करून बेरीज बोलीआधीच मारावी.

गेजही, म्हणजे दोन रुळांमधलं अंतरही, पाहा. बांगलादेशची ब्रॉडगेज आणि श्रीलंकेची लाइन १६७६ मिमीची, म्हणजे आपलीच. घानात अ‍ॅफकॉन्स या भारतीय कंपनीने एक्झिमच्या कर्जावर बांधलेली ९७ किमीची तेमा–म्पाकादान लाइन १४३५ मिमीची आहे. अशा ठिकाणी स्लीपरचे साचे आणि पॉइंट्स-क्रॉसिंग (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) वेगळे लागतात. घरचा जुना सेट कामाला येत नाही.

एलओसीमुळे पैसे बुडण्याची भीती बरीच कमी होते. उशिराची मात्र तशीच राहते, आणि माझ्या मते बोली फसते ती इथेच. खुलना–मोंगला लाइन साधारण ६५ किमीची. प्रकल्पाला मंजुरी २०१० मध्ये, उद्घाटन १ नोव्हेंबर २०२३ला. भूसंपादन ही कर्जदार देशाची जबाबदारी. ते रखडलं तरी तुमची बँक गॅरंटी चालूच राहते, तिचं कमिशन दर तिमाहीला कापलं जातं, साइटवरची माणसं आणि यंत्रं पगार-भाडं खात बसतात. एलओसीची रक्कम डॉलरमध्ये ठरलेली असते. करारात किंमतवाढीचं कलम असलं, तरी वाढीव पैशासाठी नवं कर्ज मंजूर होईपर्यंत बिल अडतं.

एलओसी नसलेल्या देशात दुसरा रस्ता म्हणजे २०११ पासूनचं बायर्स क्रेडिट. एक्झिम परदेशी सरकारला किंवा त्याच्या संस्थेला कर्ज देते आणि जोखीम २००६ मध्ये स्थापन झालेला, ईसीजीसी ही सरकारी निर्यात-विमा कंपनी सांभाळत असलेला ‘निया’ ट्रस्ट उचलतो. कराराच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम कर्जातून येते. उरलेले पैसे ग्राहकाने घालायचे. ते त्याच्या अंदाजपत्रकात आहेत का, हे आधी तपासा. शिवाय विम्याचा हप्ता कोण भरणार, हे करारात स्पष्ट नसेल तर तो शेवटी ठेकेदाराच्या नफ्यातून जातो.

आणि सार्वभौम हमी, म्हणजे कर्जदार सरकारने परतफेडीची दिलेली हमी, ही अभेद्य भिंत नव्हे. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये आणि घानाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बहुतेक परकीय कर्जफेड थांबवली. असं झालं की पुढचे हप्ते अडकतात आणि अर्ध्या कामावर साइट सांभाळत बसावं लागतं. पैसे थकल्यास काम थांबवण्याचा हक्क आणि थांबलेल्या काळाची भरपाई ही दोन कलमं करारात आहेत का, हा प्रश्न प्री-बिड (बोलीआधीच्या) बैठकीतच लेखी टाकावा. सोबत कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत जमीन ताब्यात आहे, याची यादीही मागावी.