टेंगूळ आणि वॉरफरिन

आज सकाळी बाबा बाथरूममध्ये घसरले. कपाळाला टेंगूळ, रक्ताचा टिपूस नाही, आणि लगेच "काही झालेलं नाही, चहा टाक." एरवी बर्फ लावून विषय संपवला असता. पण त्यांच्या हृदयात धातूची झडप आहे, म्हणजे रोजची वॉरफरिन आलीच. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला की माणूस ठणठणीत दिसला तरी हॉस्पिटल गाठायचं. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचू शकतं. उलट्या, गुंगी, अडखळतं बोलणं काही तासांनीही सुरू होतं.

सीटी स्कॅन नॉर्मल. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) मात्र ४.२, हवा होता २.५ ते ३.५. मागच्या आठवड्यातल्या अँटिबायोटिकचा प्रताप असावा, म्हणाल्या डॉक्टर. आज रात्री इथेच मुक्काम.

डॉक्टरबाईंनी बाबांना चांगलं झापलंही. दाढी करताना कापलं तर फडकं १० मिनिटं सलग दाबून धरा, दर मिनिटाला उचलून "थांबलं का" बघू नका. (बाबा नेमकं हेच करतात!) तरीही थांबलं नाही तर निघा. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लालभडक लघवी, अचानक भयंकर डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८. सोबत गोळ्यांची पाकिटं न्यायची, कारण कुठली गोळी आहे त्यावर उतारा ठरतो. आणि घाबरून गोळी आपल्या मनाने कायमची बंद करायची नाही, झडपेवर गुठळी बसते. उद्याचा डोस किती, ते सकाळच्या रिपोर्टनंतर सांगणार आहेत.