विकत घेतलेले दुवे का टिकत नाहीत

संकेतस्थळ गूगलवर वर यावे म्हणून इतर संकेतस्थळांवरचे दुवे, म्हणजेच बॅकलिंक, पैसे देऊन घ्यावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे.

गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना १९९८ मध्ये मांडलेली, पानांचे महत्त्व ठरवणारी पेजरँक पद्धत शोधनिबंधांतील संदर्भांच्या कल्पनेवर उभी आहे. एखाद्या पानाकडे किती दुवे येतात एवढेच ती पाहत नाही, तर दुवा देणाऱ्या पानाचे स्वतःचे वजन किती आहे हेही पाहते, आणि ते वजन त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या सर्व दुव्यांमध्ये वाटून टाकते. शेकडो दुव्यांची जंत्री असलेल्या पानावर आपलेही नाव घातल्याने फारसे काही हाती लागत नाही, ते यामुळेच.

अमेरिकेतील जेसी पेनी या दुकानसाखळीचे प्रकरण मला फार बोलके वाटते. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत अनेक शोधांत तिचे संकेतस्थळ पहिले दिसत असे. परंतु विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या असंख्य पानांवर तिचे दुवे पेरलेले आहेत, हे फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले. हे दुवे आपण पेरले नसल्याचे कंपनीने सांगितले, तरीही गूगलने कारवाई केलीच. पुढे एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या शोधप्रणालीत आलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने अशा दुव्यांचा माग स्वयंचलितपणे काढण्यास सुरुवात केली. जाहिरातीचा दुवा देणे गैर नाही, मात्र त्याच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ ही खूण, म्हणजे हा दुवा क्रमवारीसाठी धरू नये अशी गूगलला सूचना, असावी लागते.

मराठीत अडचण निराळी आहे. चांगला लेख अनेकदा जसाच्या तसा उचलून व्हॉट्सॲपवर फिरवला जातो, मूळ पानाचा पत्ता मात्र वाटेतच गळून पडतो. म्हणून ज्यांनी आपला मजकूर त्यांच्या संकेतस्थळावर आधीच वापरला आहे, त्यांना नम्रपणे पत्र लिहून मूळ पानाचा दुवा मागणे हा मला सर्वांत प्रामाणिक उपाय वाटतो. त्याचबरोबर सर्च कन्सोल या संकेतस्थळमालकांसाठीच्या गूगलच्या साधनामध्ये ‘सापडत नाही’ असे दाखवणारी जुनी पाने तपासावीत आणि त्यांचे पत्ते ३०१ पुनर्निर्देशनाने, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचे नव्या पत्त्यावर नेणाऱ्या सोयीने, नव्या पानांना जोडावेत, कारण कोणीतरी आपणहून दिलेले दुवे बहुधा तिथेच अडकलेले असतात.